पलंगाखालची मोटर

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. एप्रिलच्या त्या रविवारी सगळे उठून पुढे कठड्यापाशी गुडघे टेकायला गेले आणि माझ्या सासूबाई तेवढ्या बाकावर बसून राहिल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. त्र्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी संप केला तर त्यात नवल नाही. मी पुढे जाऊन आले, त्यांना हात दिला आणि आम्ही घरी निघालो. रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत, पण जयपूरच्या हिंदी उपासनेनंतर त्या तशाही गप्पच असतात. अर्ध्या गोष्टी त्यांना कळत नाहीत, आणि ज्या कळतात त्या नगरकडच्या पाळकांनी जास्त चांगल्या सांगितलेल्या असतात.

मे महिन्यातही त्या उठल्या नाहीत. या वेळी मागच्या बाकांवर कुजबुज झाली. माझा नवरा चर्चच्या कमिटीवर, तेव्हा त्याच्या आईने प्रभुभोजन टाळलं ही लोकांना आठवडाभर पुरणारी बातमी. आमच्यात ही साधी गोष्ट नव्हे. कुणाबद्दल मनात अढी असेल, हातून काही घडलं असेल आणि ते निस्तरलेलं नसेल, तरच माणूस मागे राहतो. आणि ही बाई तर अंगात ताप असताना दोन कोस चालत प्रभुभोजनाला गेलेली. पाळकांनी दारात मला हळूच विचारलं, "दीदी, माताजी किसी से नाराज़ तो नहीं?" मी म्हटलं, घुटने. त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं आणि मलाही.

दुपारी त्यांच्या पायांना तेल लावता लावता मी विषय काढला.

"आई, गुडघे एवढे दुखत असतील तर पाळक बाकापाशी येऊन देतील. मी सांगते त्यांना."

"गुडघ्यांना काय धाड भरलीये?" त्या म्हणाल्या. "मी चोर आहे. चोरानं कुठल्या तोंडानं पुढं जायचं?"

माझा हात थांबला. कारण त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मला लगेच कळलं. ती चोरी माझी होती.

आम्ही राहतो मुरलीपुऱ्यात, सीकर रोडपासून दहा मिनिटं आत. नवऱ्याची विमा कंपनीतली बदली म्हणून आलो आणि इथेच राहिलो. आमच्या गल्लीत नळाला पाणी सकाळी तासभर येतं. येतं म्हणजे पहिल्या चार घरांना येतं, पुढच्यांकडे ठिबकतं आणि शेवटच्या घरापर्यंत नुसती हवा पोहोचते. यावर गल्लीने उपाय शोधलेला आहे. नळाच्या मुख्य लाइनलाच एक छोटी मोटर जोडायची. इथे तिला बूस्टर म्हणतात. ती पाणी खेचून घेते, म्हणजे अर्थातच पुढच्या घराचं खेचते. ते बेकायदेशीर आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि जवळजवळ सगळ्यांकडे ती आहे.

आम्ही चार वर्षं बिनमोटरीचे राहिलो. मग सासरे गेले आणि सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. त्यांच्या दोन वेळच्या आंघोळी, रोजच्या चादरी, धुणं. एका उन्हाळ्यात सलग पाच दिवस टाकी भरली नाही. नळदुरुस्तीवाला म्हणाला, "भाभीजी, सब के लगी हुई है, आप ही सत्यवादी बनी बैठी हो." मला राग आला, आणि त्याच रागात मी मोटर बसवून घेतली. नवऱ्याला नंतर सांगितलं. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पेपर उलटला. सासूबाईंना काहीच सांगितलं नाही. पहाटे घरघर ऐकू आली की त्यांना वाटायचं, खालच्या हौदातलं पाणी गच्चीवर चढतंय.

मग मार्चच्या शेवटी एका सकाळी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज पडला, "गाडी आ गई." म्हणजे पाणीखात्याची जीप. दरवर्षी उन्हाळा तोंडावर आला की ते मोटरी जप्त करत फिरतात. मोटर दोन मिनिटांत निघावी अशी सोय गल्लीतल्या प्रत्येकाने करून ठेवलेली आहे. मीही पाइप उपसले, ती गळती मोटर पदराखाली धरून आत धावले आणि समोर दिसली ती सासूबाईंची खोली. पलंगाखाली मोटर सरकवली, वरून रजई खाली लोंबती सोडली आणि त्यांना म्हटलं, "आई, नुसत्या बसून राहा. काही बोलू नका."

त्या शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत बसल्या होत्या. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तो माणूस दारात आला. वयाने माझ्या भाच्याएवढा असेल. त्याला पलंगावर पांढऱ्या पातळातली म्हातारी बाई दिसली, मांडीवर उघडा ग्रंथ दिसला. आणि पलंगाखालून त्याच्या बुटाकडे हळूहळू येणारा पाण्याचा ओघळही दिसला. तो ओघळाकडे बघत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "प्रणाम माताजी," आणि निघून गेला.

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खुशीत होते. ही गोष्ट मी शेजारणीला हसत हसत सांगितली सुद्धा.

सासूबाई मात्र त्या ओघळापाशीच अडकल्या होत्या. मेमधल्या त्या दुपारी मी पायाला तेल लावत असताना त्या मला म्हणाल्या, "त्या पोरानं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून सोडलं. म्हणजे माझे केससुद्धा चोरीच्या कामी आले. शास्त्रात एक बाई आहे बघ, बापाच्या मूर्ती चोरून उंटाच्या खोगिरात घालते आणि वर बसून राहते. तीस वर्षं मी पोरांना ती गोष्ट शिकवली. शिकवताना हसायचे. आता मीच बसले."

सासूबाई मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या, हे सांगायचं राहिलं. आणि दहा आज्ञांतल्या आठव्या, 'चोरी करू नको' या आज्ञेच्या बाबतीत त्यांनी घरातही शाळाच चालवलेली होती. शास्त्रातला तो झाडावर चढलेला बुटका जकातदार खाली उतरल्यावर म्हणाला होता, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करीन. सासूबाईंनी तो घरचा कायदाच करून टाकला. माझ्या नवऱ्याने लहानपणी भिंतीवर स्टंप काढायला शाळेतला एक खडू आणला, तर त्याला चार खडू घेऊन हेडमास्तरांसमोर उभं केलं. मी नवी नवरी असताना नणंदेची केसांची पिन न विचारता लावली, तर तिसऱ्या दिवशी मला चार पिना द्यायला लावल्या. कुठे येऊन पडलोय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता पाण्याचं चौपट कसं करणार? मी वाद घालायचं ठरवलं. वादात मी सहसा हरत नाही.

"आई, ही काय चोरी आहे? सगळ्या गल्लीत मोटरी आहेत."

"सगळ्यांनी केली की आज्ञा बदलते का?"

"पाणी सरकारचं आहे."

"सरकारला तहान लागत नाही. शेवटच्या घरातल्या बाईला लागते."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणून गेले, "आणि मोटर लावली कुणासाठी? तुमच्याचसाठी ना? तुमच्या दोन आंघोळी, तुमच्या चादरी!"

बोलले आणि जीभ चावली. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमच्या गावाला विहीर होती," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला तिच्या पायऱ्या चढायची मुभा नव्हती. खाली घागर मांडून बसायचं. वरच्या कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा, ते पण लांबून, शिंतोडा उडू नये म्हणून. कधी दुपार व्हायची. मी आईच्या पदराला धरून बसलेली असायचे. दुसऱ्याच्या हातात आपलं पाणी असलं की कसं वाटतं, ते मला विचार. आणि या वयात मी त्या वरच्या पायरीवर जाऊन बसले."

मी तेलाची वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे थोडी रडले, खरं सांगायचं तर रागानेच जास्त. या बाईला चांगलं पाणी मिळावं म्हणून मी धडपडले आणि वर मीच पापी. पण विहिरीची गोष्ट काही डोक्यातून जाईना. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यांनी ती कधी सांगितली नव्हती.

संध्याकाळी त्या पुन्हा बोलल्या, मास्तरणीच्या आवाजात. त्या म्हणाल्या, चोरी करू नये याचा अर्थ हात आखडून बसावं एवढाच नाही. चोरी करणाऱ्याने ती सोडावी आणि हातांनी कष्ट करावेत असं शास्त्र सांगतं, ते कशासाठी? तर ज्याला गरज आहे त्याला देता यावं म्हणून. आज्ञा घेण्यापाशी थांबत नाही, देण्यापर्यंत जाते. आणि वेदीपाशी दान घेऊन गेल्यावर आठवलं की शेजाऱ्याचं आपल्याकडे काही निघतं, तर दान तिथेच ठेवायचं, आधी शेजाऱ्याकडे जायचं. "तेवढं करते. मग प्रभुभोजन. त्याआधी गेले तर गेले."

त्या शेवटच्या वाक्याने नवरा उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः मोटर काढली आणि गच्चीवर नेऊन वरवंट्याने फोडली, दुसऱ्या कुणी लावू नये म्हणून. लगेच गल्लीत काही धर्मराज्य अवतरलं नाही. आमच्या वाट्याचं पाणी शेजारच्यांच्या मोटरने ओढलं, एवढंच. सासूबाईंची दुसरी आंघोळ बंद झाली. त्यांनी ते जाहीर केलं ते असं, जसं काही बढती मिळालीय.

शेवटच्या घरात एक वयस्कर राजपूत बाई राहतात. सून नोकरीला जाते, घरी दोघीच. सगळी गल्ली त्यांना माँसा म्हणते. त्यांच्या भिंतीला लागून कडुनिंब आहे आणि त्याखाली त्या येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ ठेवतात, लाल ओलं फडकं गुंडाळलेला, वर लांब दांड्याचं ओगराळं. मी सकाळी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करते. दुपारी सीकर रोडला उतरून चालत येते, आणि वाटेत तो माठ लागतो. तीन उन्हाळे मी त्यातलं पाणी प्यायले होते. ज्या घराला नळाचं पाणी मिळत नाही, त्या घराच्या माठात पाणी येतं कुठून, हा प्रश्न मला तीन उन्हाळ्यांत पडला नव्हता. माँसांची सून कामावर जाण्याआधी मंदिराजवळच्या हातपंपावरून आणायची.

मे संपता संपता सासूबाईंना वॉकर देऊन मी त्यांच्याकडे घेऊन गेले. दोनशे पावलं असतील, पाऊण तास लागला. वाटेत तीन घरांतून डोकी बाहेर आली. माँसांनी बाज पुढे ओढली, बसवलं. मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते, म्हणजे ऊन किती आहे, सुनेची नोकरी कशी आहे. सासूबाईंनी मला हाताने थांबवलं.

"बहनजी, मैं तुम्हारा पानी लेती थी," त्या म्हणाल्या. "मोटर लगाके. मैं बुढ़िया, मेरे को पानी ज्यादा लगता था. मैंने चोरी की. मेरे को माफ करना."

त्या 'हम' म्हणाल्या नाहीत. सगळं स्वतःवर घेतलं. मला तिथे फक्त एक वाक्य बोलायचं होतं, मोटर मैंने लगवाई थी. घशापर्यंत आलंही. मी ओढणी सावरली आणि माठाकडे बघत राहिले.

माँसा म्हणाल्या, "पानी तो रामजी का है, बाईसा." मग आत जाऊन त्यांनी घरातला पितळी लोटा भरून आणला आणि सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता संपवला. माँसांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, नहीं नहीं, अभी पी के आई हूँ.

परत येताना सासूबाई दर दहा पावलांवर थांबत होत्या. एकदा थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "हातात दिलं गं." पुढच्या वेळी थांबल्या तेव्हा पुन्हा तेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून नवरा ऑफिसला जाण्याआधी दोन बादल्या त्या माठापाशी ठेवून यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, चौपट काही जमायचं नाही, पण नेत राहा.

जूनच्या पहिल्या रविवारी सासूबाई मुलाचा हात धरून कठड्यापर्यंत गेल्या. गुडघे टेकता येईनात, तर उभ्यानेच घेतलं. परत येताना त्यांचा चेहरा धुतल्यासारखा होता. मी बाकावरच बसले होते. मला उठवेना. मोटर लावणारी मी, लपवणारी मी, आणि एका म्हाताऱ्या बाईने माझ्यादेखत ते स्वतःच्या नावावर घेतलं तेव्हा तोंडाला कुलूप लावून उभी राहणारीही मीच. आमच्यात म्हणतात, आपली पापं प्रभूने स्वतःवर घेतली. लहानपणापासून हे ऐकत आले होते आणि दर वेळी बरं वाटायचं. आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणी आपलं घेतलं की बरं वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. घाम पुसला. मग सरळ वेदीकडे बघत हळूच म्हणाल्या, "गुडघे दुखतायत का गं?"

टोमणा मारण्यात ही बाई माझ्या वरताण आहे.

त्यानंतर मी कडुनिंबाच्या कोपऱ्यावरून जाणं सोडलं. मागच्या गल्लीने वळसा घालून घरी यायचे. चोराच्या मनात चांदणं. वळसा सात-आठ मिनिटांचा, झाड एकसुद्धा नाही, डोकं तापून निघायचं. घरी आल्यावर सासूबाई माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "मागून आलीस?" मी म्हणायचे, सहज. असे तीन आठवडे गेले.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी मी मागच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि तिथेच उभी राहिले. पाच मिनिटं उन्हात उभी होते. मग मागे फिरले.

माँसा दारात बसून मेथी निवडत होत्या. मी चपला न काढता, न बसता, पाठ केल्यासारखं बोलून टाकलं. "माँसा, मोटर मैंने लगवाई थी. अम्माजी को तो पता भी नहीं था. छुपाई भी मैंने. उस दिन मैं चुप रही."

त्यांनी मान वर केली. "पता है."

"आपको पता था?"

"दो साल से. सुबह पाइप में से आवाज़ आती है, बेटा. और तेरी अम्माजी मोटर कसेगी क्या, इस उमर में?"

"तो आपने कभी कुछ कहा क्यों नहीं?"

त्यांनी मेथीची काडी मोडली. "कहती, तो तू यहाँ पानी पीना छोड़ देती. इतनी धूप में, इतने तावड़े में पैदल आती है." मग उन्हाने करपलेल्या माझ्या तोंडाकडे बोट करून म्हणाल्या, "देख, छोड़ दिया ना."

मी तिथेच पायरीवर बसले. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत आत गेल्या आणि तोच पितळी लोटा भरून घेऊन आल्या.

घरी आले तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. माझ्या तोंडाकडे बघितलं, पण या वेळी मागून आलीस का असं विचारलं नाही.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"पाणी दिलं तिनं?"

"हातात दिलं. लोट्यातून."

"आणि प्यायलीस?"

"प्यायले."

"मग रविवारी माझ्याबरोबर चल," त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळून झोपल्या.